माफीनाम्यावरची सही

मु. आसेगाव,
ता. २० ऑगस्ट १९४७

प्रिय उदयसिंगभाऊ यांस,

शालिग्रामचा रामराम. आम्ही घरची सारी खुशाल आहोत. पऱ्हाटीचं निंदण चालू आहे. रुख्मिणीचा खोकला थांबला. तुमच्या तांड्याकडे पाऊसपाणी कसं आहे?

पंधरा तारखेला गावानं झेंडा चढवायचा मान मला दिला. जंगल सत्याग्रहात तुरुंगात गेलेला आमच्या गावचा मी एकटाच ना! मारोतराव मास्तर पोरांना म्हणाले, "हे आपल्यासाठी जेलात गेले होते." दोरी माझ्या हातात होती.

सतरा वर्षांत आपण यावर एकदाही बोललो नाही.

तीस साली राखीव जंगलातलं गवत कापताना आपण सोबतच धरले गेलो. बाविसाव्या दिवशी मी माफीनाम्यावर सही करून सुटलो. तू सहा महिने पुरे भोगलेस. इकडे माझ्या हातचं पाणी कोणी पीत नव्हतं. मळणीला एक माणूस आला नाही. मग तू सुटलास, आणि घरी न जाता आधी आमच्या पारावर आलास. सगळ्यांसमोर म्हणालास, "ताप उतरत नव्हता त्याचा. मरून राह्यला होता. म्याच हात धरून सही करवली. बोलाचं असंन तं मले बोला." त्या दिवशी तू माझ्या घरी जेवलास. दुसऱ्या दिवसापासून लोक माझ्याशी बोलू लागले.

भाऊ, मला एक दिवसही ताप नव्हता. शेजारच्या बराकीतला मार ऐकून मी भ्यालो होतो. तू हात धरला होतास तो सही करू नये म्हणून. मी तो झटकला.

पंधरा तारखेला मी दोरी मास्तरांच्या हाती दिली आणि हे सगळं सांगून टाकलं. म्हातारे पुंजाजी म्हणाले, "आमाले तवाच समजलं होतं रे. पन सहा महिने भोगून आलेला मानूस तुयासाठी खोटं बोलून राह्यला, मंग आमी कायले तोंड उघडाव?"

झेंडा मास्तरांनी चढवला. रुख्मिणीलाही हे ठाऊक नव्हतं. घरी ताट वाढताना ती एवढंच बोलली, "त्याइले कळवलं काय?"

आभार मानायचे तर खरं कबूल करावं लागलं असतं, म्हणून इतकी वर्षं गप्प राहिलो. आज मानतो. राग आला असेल तर येऊन तोंडावर बोल. मी ऐकून घेईन.

तुझ्या शब्दामुळे या गावात राहू शकलेला,
शालिग्राम