भोक बुजवलेल्या कोटांचा खुलासा

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या चुलतभावाचा मशीनवर बसूनच केलेला नमस्कार. (उठून करायला हवा हे कळतं, पण उठलो की मांडीवरचा कोट घसरतो आणि टाचण्या जमिनीवर सांडतात.) तुझी कंबर आता कशी आहे? भाऊजींचा खोकला गेला का? इकडे आम्ही सगळे ठीक. तुझे बाबा, म्हणजे आमचे काका, अगदी ठणठणीत आहेत. हे मी मुद्दाम सुरुवातीलाच लिहितोय, कारण काल दुकानात एक गृहस्थ ते वारल्याबद्दल फुलं घेऊन आले होते आणि ती फुलं काकांनी स्वतःच्या हातांनी पाण्यात ठेवली.

परवा तू फोनवर बरंच बोललीस. मी फक्त "हो ताई, हो ताई" म्हणत होतो, त्याचा अर्थ मला सगळं पटलं असा धरू नकोस. तू बोलायला लागलीस की माझ्या तोंडून दुसरं काही निघतच नाही, हे लहानपणापासूनचं आहे. म्हणून हा लेखी खुलासा. यातलं बरंचसं तुला ठाऊक आहे, कारण करारावर सही तूच केलीस. पण मला एकदा सगळं क्रमाने मांडू दे. सध्या माझ्या डोक्यात एवढा गुंता झालाय, की कोण जिवंत, कोण मेलेलं आणि कोण नुसता सिनेमात मेलेलं, हे सकाळी चहा पिताना मला बोटांवर मोजून बघावं लागतं.

तर सिनेमा. काकांच्या तरुणपणीच्या त्या चळवळीवर सिनेमा निघाला याचा मला आनंदच झाला. काकांवर निघाला याचा तर फारच. आता काका स्वतःच म्हणतात, की मी काय केलं, तर सायकल चालवली आणि पत्रकं अस्तरात शिवून दिली. पण तेही काही थोडं नव्हे. जिवावरचं काम त्यांच्या मित्राकडे असायचं. तोच तो, ज्याला सगळे तोतरा म्हणत. (चिडवून नव्हे, तोच स्वतःची ओळख तशी करून द्यायचा. म्हणजे द्यायला लागायचा आणि समोरचा ती पुरी करायचा.) गेला तो तोतरा. काका राहिले, शिंपी झाले, आणि मला रफू शिकवून त्यांनी माझ्या पोटापाण्याची सोय केली. पण सिनेमा कंपनीचं म्हणणं पडलं, की एका तिकिटात दोन नायक प्रेक्षकाला झेपत नाहीत. म्हणून त्यांनी दोघांचा मिळून एक केला. नाव काकांचं घेतलं, मरण तोतऱ्याचं घेतलं, आणि छाती त्या नटाने स्वतःची आणली. एवढं झाल्यावर त्या तोतऱ्याला, शेवटच्या प्रसंगात गोळी लागल्यानंतर, भर पावसात जे लांबलचक भाषण करायला लावलंय, ते ऐकून मी आ वासून बसलो होतो. छातीला भोक पडलेला माणूस एवढा वेळ उभा राहू शकतो हे मला नवीनच. पण हुंदके सगळं थिएटर देत होतं. मीही दिले, खोटं कशाला बोलू.

पुढचं तुला माहीत आहे. मग काका कपावर आले, वह्यांवर आले. केसांच्या तेलावरही काकाच (घरातल्या काकांच्या डोक्यावर केस किती आहेत, तू पाहिलंच आहेस). आमच्या चौकात गादीवाल्याने पोस्टर लावलंय, त्यात नट डोळे मिटून पडलाय आणि खाली लिहिलंय, 'देशासाठी झटलात, आता विसावा घ्या'. काका रोज त्या पोस्टरखालून दुकानात येतात. एकदा थांबून म्हणाले, गादी जरा मऊ दिसते, माझ्या पाठीला चालणार नाही. आणि करारात तू मान्य केलंस, की सिनेमा चालू आहे तोवर 'मूळ व्यक्तीने' लोकांपुढे येऊ नये. त्याप्रमाणे मी काकांना दुकानात मागच्या बाजूला बसवलं. पण सांत्वनाला येणारी माणसं मागपर्यंत येतात, त्याला मी काय करू? कालच्या त्या गृहस्थांनी काकांनाच विचारलं, तुम्ही त्यांना जवळून पाहिलं होतं का? काका म्हणाले, रोज पाहतो, दाढी करताना. गृहस्थ त्यांच्या भक्तीने इतके भारावले, की जाताना त्यांच्या पाया पडून गेले.

आता कोट. तू ही ऑर्डर मिळवून दिलीस त्याबद्दल मी जन्मभर ऋणी आहे, हे आधी लिहितो, म्हणजे पुढचं वाचताना तुझा पारा जरा बेताने चढेल. सिनेमातल्यासारखा लांब तपकिरी कोट, आणि डाव्या छातीवर गोळीचं भोक. ताई, भोक पाडायचं म्हणजे किती जिवावर आलं माझ्या, तुला कल्पना नाही. आयुष्यभर लोक भोकं घेऊन आले आणि मी ती बुजवली. आता कोरा करकरीत कोट घ्यायचा, सळई तापवायची, डोळे मिटायचे आणि खुपसायची! पहिल्या कोटाला मी इतकं लहान भोक पाडलं, की कंपनीच्या मॅडम (सिनेमाचा माल विकणाऱ्या विभागाच्या, ज्या फोनवर सुद्धा हसतात असं वाटतं) म्हणाल्या, हे झुरळाने खाल्ल्यासारखं वाटतं, शौर्य दिसायला हवं. मग शौर्य वाढवलं. शौर्य वाढवता वाढवता एक बाही गेली. शेवटी हात बसला, आणि भोक नसलेला कोट गिऱ्हाईक परत करतं हेही कळलं. मी चक्रावून गेलो, पण शिवत राहिलो.

गठ्ठा तयार झाला. भोकं पाडून झाली. मी बटणं आणायला बाजारात गेलो, तिथे नेहमीचा बटणवाला बोलत बसला, त्यात दिवस गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा हवा तो रंग मिळेना म्हणून गेलो. परत आलो तर काकांनी घड्या घालून, दोरी बांधून गठ्ठा दाराशी ठेवलेला. मला भरून आलं. म्हटलं या वयात केवढा हातभार! न उघडताच पाठवून दिला. यात माझी चूक असेल तर एवढीच.

मॅडमचा फोन आला तेव्हा त्या हसत नव्हत्या. म्हणाल्या, भोकं कुठायत? मी म्हटलं, डाव्या छातीवर. म्हणाल्या, नाहीत. मी म्हटलं, उजेडात धरून बघा. म्हणाल्या, उजेडात धरलं, भिंगाखाली धरलं, कोटात आत शिरून बघितलं. एक कोट परत आला, तो मी स्वतः तपासला. स्वतः पाडलेलं भोक मला सापडेना! शेवटी बोट फिरवलं तेव्हा एका जागी वीण जराशी दाट लागली. काकांनी सगळ्या गठ्ठ्याला रफू केलं होतं, त्याच कापडाचे धागे आतल्या शिवणीतून काढून. एवढा बारीक हात माझा कधी होणार नाही.

इथे तू फोनवर म्हणालीस, की बाबांना आता काही समजत नाही, त्यांना दुकानात बसू देऊ नकोस, घरीच ठेव, नाहीतर मी घेऊन जाते. मलाही आधी तसंच वाटलं. भोक दिसलं की हात आपोआप चालतो, सवय, वय, वगैरे. म्हणून समजावण्याच्या सुरात विचारलं, काका, भोकं का बुजवलीत? तर माझ्याकडेच, मला काही समजत नसल्यासारखं, बघत म्हणाले, "चुकीच्या जागी होती. पाठीला हवीत."

मग त्यांनी जे सांगितलं ते तुला कधी सांगितलंय का, मला माहीत नाही. मला आजवर सांगितलं नव्हतं. त्या दिवशी तोतऱ्याच्या अंगात होता तो कोट एका गिऱ्हाइकाचा. सभ्य दिसावं म्हणून काकांनी, ते तेव्हा ज्या शिंप्याकडे कामाला होते त्याच्या नकळत, दुकानातून काढून दिलेला. काम उरकून दोघं सायकलवरून निघाले. तोतऱ्याला सायकल येत नव्हती, म्हणून काका पुढे आणि तो मागे कॅरिअरवर. मागून गोळ्या झाल्या, पण काकांना वाटलं चुकल्या. थोडं पुढे गेल्यावर तोतरा म… म… करायला लागला. काका पायडल मारत होते, त्यांना धाप लागली होती. म्हणाले, "आत्ता राहू दे, दुकानात पोचल्यावर सावकाश बोल." तो म… म… करतच राहिला. दुकानात पोचले आणि काकांनी त्याला कटिंगच्या टेबलावर निजवलं, तेव्हा तो गप्प झाला होता.

झडती येणार हे नक्की होतं. चळवळीतल्या बाकीच्यांनी तोतऱ्याला मागच्या दाराने नेलं. काकांनी कोट धुतला, इस्त्रीने वाळवला आणि पाठीतलं भोक रफू करायला बसले. शिपाई आले. त्यांनी तोच कोट खुंटीवरून काढला, उलटा-पालटा केला आणि पुन्हा टांगला. त्यामुळे मागच्या दाराने गेलेली माणसं वाचली. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक कोट घेऊन गेलं आणि मग कितीतरी वर्षं तो घालून हिंडलं. काका म्हणाले, तो रस्त्यात दिसला की मी त्याच्या मागे मागे चालायचो.

ताई, मी पाठमोरा होऊन उगाच काज करत बसलो. मूळ जागी पाठीला भोक पाडू का, असं मॅडमना विचारलं, तर त्या म्हणाल्या पाठीतलं भोक विकलं जात नाही. त्यामुळे आता भोक पुढे पाडावं, मागे पाडावं की पाडूच नये, हे मला कळेनासं झालंय. ऑर्डर गेली तर दुकानाचं कठीण आहे, तेही खरं. पण काकांना मी घरी बसवणार नाही. तू रागावलीस तरी चालेल. (हे मी फोनवर कधीच म्हणू शकलो नसतो.)

भाऊजींना नमस्कार, मुलांच्या पाठीत माझ्याकडून एकेक धपाटा.

तुझा धाकटा

ता. क. : पत्र पाकिटात घालत होतो तेवढ्यात मॅडमचा फोन आला, आणि त्या पुन्हा हसत होत्या. तो बिनभोकाचा गठ्ठा त्यांनी 'गोळी लागण्यापूर्वीचा कोट' म्हणून विकायला काढला आणि तो हातोहात खपला. आता तसलेच आणखी हवेत. मी म्हटलं, सोपं आहे, भोक पाडतच नाही. तर म्हणाल्या, छे, तो मग साधा कोट झाला, आधी भोक पाडायचं आणि मग बुजवायचं, अस्सल हवं. म्हणजे मी पाडायची आणि काकांनी बुजवायची. तेव्हा वरचा खुलासा वाचला नाहीस तरी चालेल.

पुन्हा ता. क. : खरं काम राहिलंच. सिनेमाच्या पहिल्या खेळाला तू संवादलेखकाच्या शेजारी बसली होतीस ना? काका त्या सिनेमाला माझ्या नकळत तीनदा जाऊन आलेत. मला वाटलं, स्वतःला बघायला. तर म्हणतात, त्या माणसाने तोतऱ्याचं एवढं भाषण लिहिलंय, त्याने चौकशी केलीच असेल, त्याला सायकलवरचं ते ठाऊक असणार. भाषणात कुठे येतं का ते बघायला जातात. तेव्हा तू त्याला विचार, की तोतऱ्याला काय म्हणायचं होतं? म पासून होतं. त्याला माहीत नसेल तर तसं काकांना कळवू नकोस, त्याच्याकडून एखादं छोटंसं वाक्य लिहून घे. काहीही चालेल. फक्त 'मला लागलंय' असं नको. ते मी सुचवून पाहिलं, तर काका दिवसभर जेवले नाहीत.