पिवळं वर, तांबडं खाली

१३ नोव्हें., गुरु.
चौथ्या हिसक्याला पँट सुटली, ती पण एकाच अंगानं. दुसरा पाय अडकून राहिला आणि विनायक लंगडी घालत शिलाई मशीनवर जाऊन आदळला. माझ्याकडं शिवायला असलेली गिरिजा हसून हसून खाली बसली. मला काय हसू आलं न्हाय. बावीसला फायरमनचे सहा ड्रेस द्यायचेत. जांबोटीकडच्या रिसॉर्टवर नवरीच्या मैत्रिणींची पार्टी. गाणं लागणार, पोरं नाचत नाचत हेल्मेट टाकणार, कोट टाकणार, मग पँट पुढनं धरून एकच हिसका. तिथं अडकली तर हसं माझ्या शिलाईचं.
विनायक कंग्राळीचा, जिममध्ये शिकवतो. सव्वीस वर्षांचा गडी, पण माप घ्यायला उभा केला की दाखवायला बसवलेल्या पोरीगत मान खाली. "आक्का, आमच्या आईच्या कानावर जाऊ देऊ नका." तुझ्या आईला मी कुठं ओळखते रं बाबा.

१५ नोव्हें., शनि.
जमलं. कमरेला एकच मोठं टिचबटण, खाली पायापर्यंत वेलक्रो. टर्रकन सगळी पँट हातात. पाच वेळा केलं, पाचही वेळा सुटली.
दुकानाचा पडदा दिवसभर ओढलेला. पाटी लेडीज टेलरची आणि आत अर्धा उघडा गडी, वडगावात एवढं पुरं. ब्लाऊजवाली पाटलीणबाई पडदा सारून आत. "शाळेच्या गॅदरिंगचं का?" व्हय म्हटलं. तिनं टेबलावरची चड्डी बघितली आणि माझ्याकडं बघितलं.
तन्मय टिळकवाडीचा, पार्ट्यांची कामं घेतो, ऑर्डर त्याचीच. मागं खलाशी केलते, त्याच्या आधी वेटर. आज त्याला स्पष्ट सांगितलं, ह्या वेळी फोटोखाली माझं नाव पाहिजे. सतरा वर्षं लोकांचे ब्लाऊज शिवले, नाव कुठंच न्हाय. गि. म्हणाली, "असल्या चड्डीवर नाव घालून काय करणार आक्का?" करीन काय पण. काम चांगलं झालंय.

१८ नोव्हें., मंगळ.
आतल्या चड्ड्यांचं तांबडं सॅटिन चौघांतच संपलं. तसलं बाजारात मिळंना. गि.च्या घरी एक तारखेच्या कामातलं पिवळं-तांबडं उरलंय, ते घेऊन आली. कमरेकडं पिवळं, खाली तांबडं. दोन चड्ड्या तिनंच कापल्या, तिनंच शिवल्या. मी इस्त्री फिरवली. जाळागत दिसतंय, लई भारी, म्हटलं. "कधी न्हाय ते चांगलं म्हटलीस, लिहून ठेव." लिहिलं.

२३ नोव्हें., रवि.
सकाळीच विनायकचा फोन. सहाच्या सहा एका हिसक्यात! बायका खुर्चीवर उभ्या राहिल्या म्हणे. तन्मयनं फोटो टाकलेत, खाली माझं नाव, वडगाव म्हणून. ह्यांना दाखवला. बघून म्हणाले, नाव तेवढं दाखव, फोटो झाक.
लई बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

२४ नोव्हें., सोम.
पाटलीणबाईनंच फोन पुढं केला. तोच फोटो, दोन पोरांच्या बुडाभोवती गोल काढलेला. वर कन्नडात: हा आमचा झेंडा, शिवणारी बाई मराठी. आणि माझं नाव.
पिवळं वर, तांबडं खाली. बेळगावात जन्म गेला, शेंबड्या पोराला कळतं, आणि मी त्यावर इस्त्री फिरवली. जाळ दिसला मला. झेंडा दिसला न्हाय. गि.ला पण दिसला न्हाय, ती तर कन्नड.
एक नोव्हेंबरला त्यांचा राज्योत्सव, आमच्यात काळा दिवस. मी दुकान बंद ठेवते, ती घरी बसून मिरवणुकीचे झेंडे शिवते. दोन तारखेला दोघी परत मशीनवर. सतरा वर्षांत एकदा पण त्यावर बोललो न्हाय. चड्डीला आलेलं कापड त्या झेंड्यांतलंच उरलेलं.
उलटं झालं असतं, भगवं कुणी असं बुडाला लावलं असतं, तर मी गप बसले असते का? न्हाय बसले.
तन्मयचा फोन बंद. फोटो काढून टाकलाय म्हणे, पण आता तो सगळ्यांकडं आहे.

२५ नोव्हें., मंगळ.
गि. आली न्हाय. अकराला फोन, आवाज दाबून. तिचा दीर मल्लू कन्नड संघटनेत. झेंड्यांचं कापड त्यानंच आणून दिलेलं. घरी जेवताना एकच विषय, त्या वडगावच्या टेलरणीला सोडायचं न्हाय. गि. त्याला वाढत होती.
"आक्का, कापड दुकानातनं आणलं म्हण. माझं नाव घेऊ नको."
कापड तुझं, कात्री तुझी, शिलाई तुझी, असं तोंडावर आलतं. "बघू" म्हटलं आणि फोन ठेवला.
दुपारी विनायक आला. फोटोत त्याचं तोंड कापलं गेलंय म्हणून वाचला. पिशवीत दोन्ही चड्ड्या. "आक्का, जाळून टाका." अरे शाण्या, जाळलं तर झेंडा जाळला म्हणतील. टाकून द्यायची म्हटली तर कचऱ्यात टाकला. ठेवायची म्हटली तर पुरावा. शेवटी ब्लेड घेतलं आणि बसले उसवायला. पिवळं एकीकडं, तांबडं एकीकडं. वेगळं केलं की नुसतं कापड.
प्रत्येक शिवणीच्या सुरवातीला तीन उलटे टाके. गि.ची सवय. मी दोनच घालते. कुणाला दाखवलं तर कळणार न्हाय, पण मला ते टाके उसवताना रडू आलं.

२६ नोव्हें., बुध.
कर्नाटक सरकारचं इथलं अधिवेशन तोंडावर, चौकाचौकात पोलीस, असल्यात हे. हवालदार येऊन सांगून गेला, उद्या अकराला स्टेशनात या. संघटनेचे लोकही येणार, माफी मागा, मिटवू.
तो गेला न गेला तोवर आपल्यातले दोघं. "वहिनी, माफी मागायची न्हाय. आम्ही पाठीशी हाय. हा मराठी माणसाचा प्रश्न हाय." चड्डीचा प्रश्न हाय, म्हटलं. एकाला राग आला. चहा न घेता गेले.
ह्यांचं म्हणणं, खरं काय ते सांग. तिच्या घरचं कापड, तिच्या दिराचं, जागच्या जागी सगळे गार. खरंच आहे की. एका वाक्याचं काम. माझं नाव धुऊन निघतंय. पण ते वाक्य तिच्या घरात जाऊन काय करंल? तिला मल्लूच्याच घरात राहायचंय. नवरा असून नसल्यागत, सगळा कारभार दिराच्या हातात.
गि.चा फोन न्हाय. मीच दोनदा लावला. वाजून बंद झाला.

२७ नोव्हें., गुरु.
स्टेशनात गेले. ह्यांना बाहेर बसवलं. मल्लू, त्याच्याबरोबर पाचसहा जण, गळ्यात पिवळं-तांबडं. आणि मागं दाराशी गिरिजा. मल्लूनंच आणलेली. ह्या दुकानात कामाला होती, हिला सगळं माहिती, साक्षीला आणली म्हणाला.
मी पिशवीतनं कापडाचे तुकडे काढून टेबलावर ठेवले. साहेबांनी एक तुकडा उचलून उजेडात धरला. मल्लू ओरडून बोलला, मुद्दाम केलंय, मराठी लोकांची खोड हाय ही. त्याच्यासमोर त्याचंच कापड पडलंय आणि त्याला ओळखू येईना.
साहेबांनी कन्नडात विचारलं, शिवलं कुणी?
मी गि.कडं बघितलं. तिनं बघितलं न्हाय. पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी. मी थांबले. खरंच थांबले, तिला वेळ दिला. साहेबांनी दुसऱ्यांदा विचारलं.
दुकान माझं, नाव माझं, मीच शिवलं, म्हटलं. तप्पायतु, चुकलं माझं, कुणाचा अपमान करायचा नव्हता, पुन्हा होणार न्हाय. सगळं कन्नडात बोलले, जेवढं येतं तेवढं. साहेबांनी मल्लूला विचारलं, झालं? तो तयार नव्हता, पण त्याच्यातल्याच एका म्हाताऱ्यानं बास म्हटलं. सही करून घेतली. फायरमनचं काम परत घ्यायचं न्हाय, हे मी आपणहून म्हटलं.
बाहेर येताना तिच्या जवळनं गेले. साडीचा वास ओळखीचा.

२८ नोव्हें., शुक्र.
ते मिटलं, आता आपल्यातलं सुरू. कन्नडात माफी मागितली म्हणे. तीही पोलीस स्टेशनात, त्यांच्यासमोर. गल्लीतल्या ग्रुपवर आलंय, असल्या बाईकडं शिवायला टाकू नका. पाटलीणबाई न शिवलेलं कापड परत घेऊन गेली. लग्नाचं होतं, पाच ब्लाऊज.
ह्यांनी विचारलं, कुणासाठी केलंस हे? भाकरी करपली.
चीड मल्लूची येत न्हाय, त्याला ठाऊकच न्हाय. गि.ची येते. एवढंच म्हणायचं होतं तिनं, आम्ही दोघींनी मिळून. मी बोट सुद्धा दाखवलं नसतं.

३० नोव्हें., रवि.
मंगळवारपासनं एकटी मशीनवर. तिच्या मशीनवरचं कापड मी काढलेलं न्हाय.
दुपारी विनायक येऊन गेला. आईला कळलं म्हणे, दोन दिवस बोलली न्हाय, मग म्हणाली, पँट सुटती कशी ते दाखव. दाखवून आला. पहिल्यांदा हसले ह्या आठवड्यात.
चारला गि.चा मेसेज. तिला मराठी लिहायला येत न्हाय, कुणाकडनं तरी लिहून घेतलंय, न्हायतर बोलून केलंय.
"आक्का, मल्लूला रात्री सांगितलं मीच शिवलं म्हणून. घरात कोण बोलत न्हाय. उद्या येऊ का कामाला?"
तीनदा वाचलं. ये म्हणून लिहिलं, पुसलं. स्टेशनात का न्हाय बोललीस म्हणून लिहिलं, ते पण पुसलं. तिला निळं दिसलं असणार, मी वाचलंय ते. अजून ती ऑनलाइन आहे.