लाकूडवालीची गाडी

ओसिनेक, मिशिगन
३ ऑक्टोबर १९७९

चि. डेल्मर यास,
अ. उ. आ.

आपली गाडी विकायला काढलेल्या तुझ्या त्या प्रेंडल दलालाचं माहितीपत्रक मिळालं. जेवायच्या आधी उघडलं हीच चूक झाली, नंतर घास उतरेना. म्हणे, 'श्री. रॉस्को किस्लिंग यांनी ही स्पोर्ट्स रोडस्टर १९१३ साली कोरी घेतली, तीन शर्यती जिंकल्या आणि पोटच्या पोरासारखी आयुष्यभर जपली.' शी! आपल्याला, पोटच्या दोन पोरांना, टाकून गेलेला बाप तो. ही गाडी त्याने पत्त्यांत जिंकली, तीही बंद पडलेली. चौतीस साली पळून जाताना चालती फोर्ड घेऊन गेला आणि ही आपल्या गळ्यात मारली.

आईने ती तीन आठवडे खटपट करून चालू केली. मागची बाजू ठोकळ्यावर उचलायची, चाकाला पट्टा लावायचा आणि त्यावर करवत फिरवायची. असे अकरा हिवाळे तिने गावाला जळण पुरवलं. माहितीपत्रकात तिचं नाव शोधून शोधून माझे डोळे दुखले. आणि 'हा इतिहास खरा आहे' या कागदावर मी सही करू? त्या कागदाला हात लावला तरी धुवावासा वाटतो.

तुझ्या गुडघ्याचं काय झालं ते कळव. डॉक्टरकडे न जाता मलम चोळत बसला असशील.

तुझी,
वेल्डा


शिकागो
१२ ऑक्टोबर

ती. वेल्डाताईस,
सा. न. वि. वि.

तुझा राग पाकिटावरच दिसला, तिकीट तिरकं चिकटवलं होतंस. गुडघा बरा आहे. मलमच चोळतो.

जरा शांतपणे वाच. या जुन्या गाड्या घेणाऱ्यांना घराण्याचं सहीचं पत्र लागतं, आणि आईमागे गाडी आपल्या दोघांच्या नावावर असल्यामुळे तुझ्याशिवाय अडलंय. त्यांना शर्यत हवी, पितळी दिवे हवेत. प्रेंडल म्हणाला, करवतीचा 'क' काढलात तर गिऱ्हाईक दारातूनच परत जाईल. त्याने नवा लाल रंग दिलाय. मागच्या एका चाकाची कड घासली होती, तेही बदललं.

आणि खरं सांगू? शाळेत मला सगळे 'लाकूडवालीचा' म्हणायचे. तू मोठी होतीस, तू कानाखाली वाजवायचीस. मी नुसता ऐकून घ्यायचो. एकदा तरी बाप कुणीतरी मोठा होता असं छापून आलं, तर तुझं काय बिघडतं? २७ तारखेला गाडी लोकांना दाखवणार आहेत. तोवर सही पाठव.

तुझा धाकटा,
डेल्मर


ओसिनेक
१७ ऑक्टोबर

चि. डेल्मर यास,
अ. उ. आ.

सही मिळणार नाही. मेले तरी नाही.

ती कड घासली होती कशाने, विसरलास? पट्ट्याने! त्याच घासलेल्या चाकावर तुझे बूट आले, तुझे दात नीट झाले, तू इंजिनियर झालास. पहाटे तिच्या बोटांना चिकटलेला पाइनचा चीक ती रॉकेलने पुसायची आणि मग आपली न्याहारी करायची, त्या पॅनकेकनासुद्धा रॉकेलचा वास यायचा. आता लाज वाटते होय रे तुला? मला तुझी किळस येतेय, आणि धाकट्या भावाला असं लिहावं लागतंय याची त्याहून जास्त.

एकच कर. सत्तावीसला स्वतः जा. गाडीपाशी उभा राहा, लोक काय बोलतात ते ऐक. मग मला लिही.

शेजारच्या एमेटचा भोपळा यंदाही जत्रेत पहिला आला. आता वर्षभर त्याच्याशी बोलायची सोय नाही.

वेल्डा


शिकागो
२८ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गेलो होतो. गाडीशेजारी चौकटीत एक फोटो होता, गॉगल लावलेला मिशीवाला रुबाबदार माणूस. खाली बाबांचं नाव. बाबांना मिशी कधी होती? प्रेंडलला विचारलं तर हसून म्हणाला, जुन्या बाजारातून उचललाय, कोण ओळखतंय. त्या कोणाच्या तरी फोटोसमोर लोक टोप्या काढत होते, ताई. एका बाईने माझा हात धरून डोळ्यांत पाणी आणून सांगितलं की असा बाप मिळायला भाग्य लागतं. आणि मी तिला थँक्यू म्हणालो.

थँक्यू म्हणालो गं! मग मागच्या अंगणात जाऊन ओकलो. तिथेच भंगाराच्या ढिगावर आपलं चाक पडलं होतं. पट्ट्याने गुळगुळीत केलेली जागा अजून चकचकीत आहे. ते उचललं, तसाच आत गेलो आणि गाडी विकायची नाही म्हणून सांगितलं. प्रेंडल नको नको ते बोलला. मीही कमी बोललो नाही. शनिवारी ट्रेलरवर घालून गाडी तिकडे आणतोय. तो भडक रंग मात्र आता निघणार नाही, त्याबद्दल माफ कर.

तुझा,
डेल्मर


ओसिनेक
१ नोव्हेंबर

चि. डेल्मर यास,
अ. उ. आ.

रंगाची काळजी नको, एक हिवाळा भुसा उडाला की उतरेल सगळा तोरा. जुना पट्टा उंदरांनी खाल्ला होता, मी नवा आणलाय. करवतीला एमेटने धार लावली, त्यामुळे भोपळ्याचं कौतुक करावं लागलं.

थँक्यू म्हणालास ते मनाला लावून घेऊ नकोस. आईला कुणी विचारलं तर ती सांगायची की नवरा कामाला बाहेरगावी गेलाय, येईल. अकरा वर्षं तेच सांगत होती. तुला कुणी हसू नये म्हणून सांगायची. मी हे तुला कधी बोलले नव्हते.

शनिवारी स्ट्यू करते आणि रुबार्बच्या आंबट देठांचा गोड 'पाय' भट्टीत भाजते. जाड हातमोजे आण. आणि ते चाक ट्रेलरवर टाकू नकोस, तुझ्या शेजारच्या सीटवर बसवून आण.

वाट बघणारी,
तुझी ताई