खोलीची नक्कल

४ मार्च, सोमवार

नोकरीचा पहिला दिवस छान गेला. हे मुद्दाम लिहून ठेवतेय, कारण आधीच्या नोकरीत पहिल्याच दिवशी मी स्वच्छतागृहात जाऊन रडले होते. इथे खिडकीजवळची जागा आहे, न कुरकुरणारी खुर्ची आहे आणि कॉफीचं यंत्र हाकेच्या अंतरावर. काम विजेच्या मीटरांचं. शहरातलं प्रत्येक मीटर थोड्या थोड्या वेळाने आपला आकडा पाठवतं, त्यावरून कुठे किती वीज लागेल याचा अंदाज आम्ही बांधायचा. माणसांची नावं दिसत नाहीत, नुसते मीटर क्रमांक.

यंत्रणा सांभाळणाऱ्या काकांना सगळे किल्लेदार म्हणतात. त्यांनी समजावलं की डेटा सगळ्यांचा मिळून क्लाउडवर असतो, पण तिथे प्रत्येकाला स्वतःची एक खोली मिळते, म्हणजे पडद्यावरची कामाची जागा. आत जे कराल ते फक्त तुम्हाला दिसणार. खुद्द त्यांनाही डोकावता येत नाही. त्यांच्या हातात एवढंच की बाहेरून खोली पाडायची, मग आतलं सगळं कायमचं पुसलं जातं. नवी गाडी दाखवावी तशा कौतुकाने सांगत होते.

मला ताईच्या घरात कपाटाचा अर्धा खण मिळालाय, इथे आख्खी खोली. रोजनिशी आता तिथेच लिहिणार. घरी ठेवली की ताई वाचते आणि वर जेवताना त्यावर मतं देते.

५ मार्च, मंगळवार

कालचं पान इथे उतरवून घेतलं. खोली मिळाली.

नवी खोली म्हणजे चार भिंती. लागणारी साधनं एकेक करून बसवायची, त्यात दोन दिवस सहज मोडतात. पण खाली दुसरा पर्याय होता, जुन्या खोलीची नक्कल घेण्याचा. माझ्या जागेवर आधी ज्या बाई होत्या त्यांची खोली अजून कुलूपबंद पडून आहे, आणि त्यांच्या जागी माझी नेमणूक असल्याने मला नक्कल घेता येत होती. किल्लेदारांनी बजावलं होतं की प्रत्येकाने कोरीच घ्यायची. पण आमच्या धंद्यात दुसऱ्याची तयार मांडणी कोण सोडतं? घेतली नक्कल. सगळं कसं हाताशी ठेवलेलं. बाई टापटिपीच्या असणार.

८ मार्च, शुक्रवार

शुक्रवारी अर्धा दिवस. ताईची इस्पितळात दुपारपाळी असते, म्हणून चिमणीला शाळेतून मी आणते. भाची सहा वर्षांची, तोंड साठ वर्षांचं. आज मला म्हणाली की मावशी, तू चालताना विचार करतेस म्हणून ठेचकाळतेस.

निघण्याआधी एक आगाऊपणा केला. वीजबिलावरचा क्रमांक घालून ताईचं मीटर शोधलं. आलेखाच्या रेघेवरचा पहाटेचा उंचवटा म्हणजे ताईची इस्त्री. दुपारी चिमणी आली की आधी पंखा आणि टीव्ही. गंमत वाटली. मग जरा चोरट्यासारखंही वाटलं.

११ मार्च, सोमवार

खोलीत कुणी असलं की नावापुढे हिरवा ठिपका दिसतो. कामाला हात लावला नाही तर थोड्या वेळाने तो आपोआप विझतो. मी जेवायला गेले होते, गप्पांत बराच वेळ गेला. परत आले तर ठिपका हिरवाच, आणि अर्धवट टाकलेला अंदाज पुरा झालेला. माझ्याच पद्धतीने. मी तक्त्यांना चिमणीच्या बाहुल्यांची नावं देते. एका नव्या तक्त्याला असं नाव होतं जे मी कधी ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी चिमणीने नवी बाहुली दाखवली. नाव तेच. म्हणाली, आत्ताच सुचलं.

जेवण गेलं नाही. ताईला वाटलं, मला ताप आहे.

१३ मार्च, बुधवार

किल्लेदारांना आडून विचारलं. ते म्हणाले की तुमच्या खोलीत तुमच्याशिवाय कुणी जाऊच शकत नाही, नोंदीत फक्त तुम्हीच आहात. आधीच्या बाईंबद्दल बोलताना आवाज खाली गेला. खुर्चीवर पर्स होती, पाण्याची बाटली होती, बाई नव्हत्या. घरीही पोचल्या नाहीत. त्यांचा ठिपका मात्र बरेच दिवस हिरवा होता. म्हणून त्या खोलीला कुलूप घातलं, पाडायचा धीर काही झाला नाही.

मी नक्कल घेतलीय हे सांगितलं नाही. भीती वाटली, नोकरीचीही. बाई कुठे गेल्या कोण जाणे.

इथेच.

१४ मार्च, गुरुवार

वरचा शेवटचा शब्द मी लिहिलेला नाही.

किल्लेदारांना सगळं सांगून टाकलं. रागावतील वाटलं होतं, ते नुसते खाली बसले. म्हणाले, उद्या दुपारच्या चहानंतर दोन्ही खोल्या पाडतो. आत जाऊ नका. फारच गरजेचं असेल ते सकाळी काढून घ्या, पण लगेच बाहेर या.

गरजेचं फक्त हे आहे. ही पानं. ताईला वाचायला देईन म्हणते. देऊ दे तिला मतं.

१५ मार्च, शुक्रवार

पानं उचलली आणि बाहेर पडायला गेले. बाहेर पडायचं बटण जागेवर नाही.

खुर्ची लागत नाहीये पाठीला. खिडकी — उजवीकडे खिडकी होती. उजवीकडे तक्ते आहेत. सगळीकडे तक्तेच.

हात दिसत नाहीत. अक्षरं उमटतात मात्र.

—

पाडण्याआधीची सूचना आली. खाली किल्लेदारांचा निरोप. तुम्हाला हसत घरी निघालेलं पाहिलं, जिवाला बरं वाटलं. भाचीला आणायला जाताय म्हणालात. आता निश्चिंत राहा, चहा झाला की पाडतो.

मी नाही निघालेले. काका, मी इथे आहे. ती मी नाही —

त्यांना हे दिसणार नाही. कुणालाच दिसणार नाही. म्हणून तर मी इथे लिहीत होते.

—

ताईचं मीटर उघडलं. तेवढंच एक दार आहे मला. ताई पाळीला गेल्यापासून रेघ सपाट. म्हणजे घरी अजून कुणी नाही. चिमणी, शाळेतच थांब. कुणी हाक मारली तरी —

रेघ उठली. पंखा.

टीव्ही नाही. ती आल्याबरोबर टीव्ही लावते. आज का नाही लावला —

पंखाही बंद झाला.

मूळ खोली पुसली, सूचना आली. आता माझी. चिमणी, तिचा हात सोड. ती चालताना ठेचकाळत नाही, बघ, नीट बघ तिच्याक