बाबा बोलणार

बिबवेवाडी, पुणे

तीर्थरूप बाबा,

पाया पडते, पण आज भांडायलाच लिहिते आहे.

हॅम रेडिओचा आवाज दूर पोचवणारे इथले आणि अकोल्याचे रिपीटर आम्ही इंटरनेटने जोडले, ते तुमचा आवाज पुण्यात यावा म्हणूनच. काल तो आला. अर्धांगवायूनंतर पहिल्यांदाच तुम्ही सेटवरचं बोलायचं बटण दाबलंत. शब्द अडखळले, तशी सगळ्यांची माफी मागून तुम्ही सेट बंद केलात.

त्यावर आमच्या क्लबचे दत्तप्रसादकाका म्हणाले, "वल्लरी, बाबांना नुसतं ऐकू दे. बाकीच्यांचा खोळंबा होतो."

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "काका, ज्यांना घाई आहे त्यांनी आपापले सेट बंद करावेत. बाबा बोलणार."

कुणीही बंद केला नाही. आम्ही बराच वेळ तुमची वाट पाहिली. काकांनीसुद्धा.

माझं जेवणखाण व्यवस्थित आहे. तुम्ही हाताचे व्यायाम करता ना? की आईवर चिडता?

रविवारी सेट लावा आणि हवं तितकं सावकाश बोला. मला रेडिओ तुम्ही शिकवलात. तुम्हाला गप्प बसवायचा अधिकार कुणालाच नाही, अगदी तुम्हालाही नाही.

तुमचीच हट्टी,
वल्लरी