शास्त्राच्या गादीवरून

॥ श्री वीतरागाय नमः ॥

वारंगा फाटा, ता. कळमनुरी
भाद्रपद वद्य प्रतिपदा, ८ सप्टेंबर २०२५

चि. स्वप्निल यास काकाचे शुभाशीर्वाद व जय जिनेंद्र.

ज्यांना कोणाकडून काही मिळवायचे नाही, कोणाचा सूड घ्यायचा नाही, आणि म्हणूनच ज्यांच्या वचनावर डोळे मिटून विसंबता येते, त्या वीतराग प्रभूंचे स्मरण करून लिहावयास बसलो आहे. दशलक्षण पर्व निर्विघ्न पार पडले. आज क्षमावणी. सकाळपासून फाट्यावरची आपली माणसे एकमेकांच्या दारी जाऊन, वर्षभरात कळत-नकळत दुखावले असेल तर क्षमा असावी, असे हात जोडून म्हणत आहेत. तुझाही संदेश भ्रमणध्वनीवर आला. फुले, दिवा आणि हात जोडलेली बाहुली. तेच चित्र मला आणखी काही जणांकडून आले, त्यावरून ते तू काढलेले नाहीस एवढे कळले.

त्याखाली मात्र तुझी स्वतःची वाक्ये होती. झाले गेले विसरावे, असे तू लिहितोस. माझी दृष्टी मंदावली आहे, तेव्हा स्वाध्यायशाळेतील शास्त्राची गादी आता तुझ्याकडे द्यावी, असेही लिहितोस. आणि दर रविवारी त्या गादीवरून मुलांना युद्धे, वाढते तापमान, पाणी, रोगराई असे जगाचे प्रश्न समजावून सांगण्याचा तुझा मानस आहे, तरी त्यासाठी चांगली साधने कोणती ते मी सुचवावे, अशी विनंती करतोस.

शेवटच्या विनंतीचे उत्तर आधी देतो. ते सर्वांत सोपे आहे.

माझी नात राजनंदिनी दर शनिवारी मुलांना घेऊन आमच्या ओसरीवर बसते, हे तुला ठाऊक आहे. शाळेच्या दालनातून ओसरीवर तिला का यावे लागले, हेही तुला ठाऊक आहे. फाट्यावरची मुले ती. तामिळनाडूपासून पंजाबपर्यंतचे ट्रक पाहत वाढलेली. त्यांचे प्रश्नही तसेच लांबून आलेले. गेल्या वैशाखात एकाने विचारले, "ताई, ऊन दर साली वाढून काहून राहिलं?" ती म्हणाली, "कोणाला इचारायचं ते आधी ठरवू." मग हवामान खात्याच्या जुन्या नोंदी काढल्या. हिंगोलीच्या ग्रंथालयातून विश्वकोशाचे जाड खंड आणले. एकमेकांशी कधीही न पटणारी दोन वर्तमानपत्रे शेजारी शेजारी ठेवली. जागतिक संस्थांचे इंग्रजी अहवाल ती ओळीओळीने मराठीत सांगते, आणि जिथे तिला स्वतःला कळत नाही तिथे "मला हे कळलं न्हाई" असे मुलांसमोर म्हणते. प्रत्येक मजकुरापुढे मुलांनी विचारायचे: हे कोण सांगतो, त्याने स्वतः पाहिले की ऐकले, कधीचे आहे, यात त्याचा लाभ काय, आणि हे न पटणारा कोणी जाणता आहे का.

एक पोरगं वैतागून म्हणालं, "ताई, एवढं इचारत बसलं तर खरं कळस्तोवर म्हातारे व्हऊ की आमी."

"मंग व्हय आजोबासारखा," ती म्हणाली. "त्यायला अजून कळूनच राहिलं."

मी आतून ऐकत होतो. हसलो.

तेव्हा साधने हीच. ती सर्वांना खुली आहेत, त्यांतील बहुतेकांना पैसाही पडत नाही. परंतु साधन हाती असणे आणि पारख असणे या दोन गोष्टी आहेत. शास्त्रकारांनी विश्वासार्ह वक्त्याची लक्षणे सांगितली: तो जाणणारा असावा, रागद्वेषापासून मुक्त असावा, हिताचे बोलणारा असावा. कोणतेही विधान समोर आले की ते कोणत्या अपेक्षेने, म्हणजे कोणत्या दृष्टिकोनातून, केले आहे, असे विचारण्यास आपल्या धर्माने शिकवले. तुम्हा दोघांनाही मीच हे शिकवले आहे. तू ते पाठ केलेस, आणि तुझे पाठांतर तिच्यापेक्षा फार शुद्ध होते.

घरी सर्व कुशल. तूर बरी आहे. नातसून निलम बरी आहे. तिचे लेकरू आता घरभर पळते, तुळशीपर्यंत जाऊन परत येते. त्याचे रूप अगदी तुझ्या वडिलांसारखे आहे, असे सगळे म्हणतात.

आता गादीविषयी. हे लिहावयाचे टाळता आले असते तर टाळले असते.

गेल्या वर्षीच्या पर्वात मी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी नांदेडला होतो, म्हणून तू हिंगोलीहून येऊन माझ्या जागी बसलास. दिवस दहा लक्षणांपैकी 'उत्तम सत्य' या धर्माचा होता. वाचन झाले. पोथी अद्याप चौरंगावर उघडीच होती, आणि तू खिशातून भ्रमणध्वनी काढून, त्याच स्वरात, त्याच ठेक्यात, कोणीतरी तुला पाठवलेला मजकूर वाचलास: गोवराची सुई हा परदेशी संस्थांचा कट आहे, तिने लेकरांची पुढची पिढी खुंटते. धादांत खोटा मजकूर. परंतु गादीवरून जे येईल ते हात जोडून ऐकावे, ही सवय या शाळेत माझ्या आजोबांपासूनची आहे. त्या जोडलेल्या हातांना पोथी कुठे संपली हे कसे कळावे? शेवटी जिनवाणीचा जयजयकारही झाला.

पुढचे मला सभेत बसलेल्या द्वारकाबाईंनी सांगितले, तेही हसत हसत. राजनंदिनी उठून म्हणाली, "काका, हे कोण म्हणून राहिलं? कोण्या डॉक्टरचं नाव हाय का त्यात?"

तू म्हणालास, "शास्त्राच्या गादीवर बसलोय पोरी. खोटं बोलीन काहून?"

आणि द्वारकाबाई म्हणाल्या, "गप गं. लगीन न्हाई झालं, अन् लेकराच्या सुईचं हिला लई कळतं!"

बायका हसल्या. तूही हसलास, असे त्या सांगतात.

आरोग्यसेविका करुणाताई बर्फाची पेटी घेऊन दारी आली, तेव्हा निलमने दार अर्धेच उघडले. "आमच्यात गादीवरून सांगितलंय. सुई नगं." ती बिचारी समजावून गेली, पुन्हा आली, पुन्हा गेली. मी डोळ्याला पट्टी बांधून परतलो. राजनंदिनीने सर्व सांगितले. मी निलमला समोर बसवून तो मजकूर खोटा आहे असे सांगितले. ती म्हणाली, "आजोबा, गादीवरचं खोटं नसतंय, असं तुमीच सांगता नं?"

तिचे मन वळविण्यात दिवस गेले. ती तयार झाली तोवर फाट्यावर गोवर येऊन पोहोचला होता.

लेकराचा ताप मेंदूपर्यंत गेला. नांदेडच्या डॉक्टरांनी प्राण वाचवले. श्रवण वाचले नाही, दोन्ही कानांचे. मी वर लिहिले की लेकरू घरभर पळते. ते खरे आहे. हाक मारली तर वळत नाही, हे लिहिले नव्हते. निलम अजूनही अधूनमधून त्याच्या पाठीशी उभी राहून ताट वाजवून पाहते.

तू रुग्णालयात फळे घेऊन आलास आणि "कर्माचा उदय" म्हणालास. स्वप्निल, कर्मसिद्धांत मी तुला स्वतःच्या आचरणाची झडती घेण्यासाठी शिकवला होता. दुसऱ्याच्या लेकराच्या व्याधीवर पांघरूण घालण्यासाठी तो वापरता येतो, हे मला त्या दिवशी प्रथम कळले. वाचलेला मजकूर खोटा होता, एवढे एक वाक्य तू आजवर सभेत उच्चारले नाहीस. उलट हिवाळ्यात पंचांना सांगितलेस की राजनंदिनीच्या तासाने मुले उलट बोलू लागली आहेत, आणि तो तास शाळेतून बंद करविलास. आता तेच जगाचे प्रश्न तुला त्याच गादीवरून शिकवायचे आहेत.

गादी तुला मिळणार नाही. ती राजनंदिनीसही दिलेली नाही, आणि माझ्याकडेही ठेवलेली नाही. काल पंचांना विचारले. कोणी होकार दिला नाही, कोणी नकारही दिला नाही. म्हणून मीच ती उचलली, झटकली आणि माळ्यावर टाकली. यापुढे शास्त्र चौरंगावर राहील आणि वाचणारा सर्वांबरोबर सतरंजीवर बसेल, ज्याला मध्येच अडवून विचारता येईल असा. शनिवारचा तास येत्या आठवड्यापासून पुन्हा शाळेत भरेल. तुला यायचे असेल तर ये. सतरंजी मोठी आहे.

राहिली क्षमा. वर्षभर तुझ्याविषयी मनात जो क्रोध बाळगला, त्याबद्दल मी तुझी क्षमा मागतो. आजच्या दिवशी ती मागितल्यावाचून मला पाणी घेता येत नाही. माझ्या वाट्याची क्षमा तुला दिली. सभेची क्षमा सभेत उभे राहून मागावी लागेल. निलमची निलमकडे.

आणि त्या लेकराकडे जाशील तेव्हा 'क्षमा' हा शब्द घेऊन जाऊ नकोस. तो त्याच्यापर्यंत पोहोचणार नाही. त्याच्यासमोर जमिनीवर बस, त्याने तुझ्या तोंडाकडे पाहेपर्यंत थांब, आणि मग काय करावे हे तुझे तुला सुचते का ते पाहा. मला आजवर सुचलेले नाही.

हे पत्र तुझ्या घरी जो जो वाचेल, त्याची लेकरे निरामय राहोत, ऐकलेले पारखण्याची बुद्धी त्यास लाभो, आणि जीवमात्राचे कल्याण होवो.

तुझा काका,
गुलाबचंद