दुसऱ्या लॅपटॉपवरचं उत्तर

५ फेब्रुवारी, गुरुवार
सकाळपासून तीन प्रश्न घेऊन बसलो. सुटला एक, तोही अर्धा. चौदा वर्षं कोड लिहितोय. त्यातली आठ वर्षं बसच्या बुकिंगची यंत्रणा सांभाळली, दिवाळीच्या गर्दीतही ती एकदासुद्धा बंद पडली नाही. ते कुणी विचारत नाही. इंटरव्ह्यूला पन्नास मिनिटं देतात आणि पुढ्यात एक कोडं टाकतात.

नोव्हेंबरात पुण्यातली आमची सगळी टीमच बंद केली. खोली सोडून शिनोलीला आलो. वैशालीला बरं वाटलं, निदान तसं म्हणाली. लग्न झाल्यापासून अकरा वर्षं ती इथं घोडेगावच्या शाळेवर, मी तिकडे, भेट शनिवार-रविवारी. आई शेजारी सांगते, "घरूनच काम हाय त्याचं. लई मोठं काम हाय." मी ऐकून न ऐकल्यासारखं करतो.

बुधवारी पहिला राउंड, व्हिडिओ कॉलवर. सिनियरची जागा. डिसेंबरात एक गेली, जानेवारीत एक.

८ फेब्रुवारी, रविवार
घड्याळ लावून सराव. घड्याळ लावलं की डोकं बंद, काढलं की चालू. तोच प्रश्न दुपारी गोठ्यात उभ्या उभ्या सुटला. इंटरव्ह्यू गोठ्यात घेत नाहीत.

वै. गणित शिकवते. म्हणाली, मुलांचंही असंच होतं, पेपरात हात गार पडतात. मी विचारलं, मग त्यांना काय सांगतेस? म्हणाली, "सांगते की येतंय तेवढं लिहा." मला राग आला. येतंय तेवढं लिहून मी दोनदा घरी बसलोय.

१० फेब्रुवारी, मंगळवार
आज वै.ला विचारलं. आधी तिला गंमत वाटली, हसली. मग माझं तोंड बघून हसायची थांबली.

बेत असा: मी प्रश्न मोठ्यानं वाचायचा, तिनं समोर बसून तिच्या लॅपटॉपवर एआयला टाकायचा, उत्तर आलं की लॅपटॉप उचलून माझ्या स्क्रीनच्या बरोब्बर वर धरायचा. म्हणजे माझी नजर इकडे तिकडे जाणार नाही. हे सगळं मी तिला एखादी मोठी सिस्टीम समजावून सांगावी तसं सांगितलं.

तिनं एवढंच विचारलं, "किती वेळ धरायचा?"

११ फेब्रुवारी, बुधवार
झालं.

इंटरव्ह्यू घेणारा मुलगा माझ्याहून दहा वर्षांनी लहान असेल, बोलायला गोड. प्रश्न वाचला. वै. खाली मान घालून टाइप करत होती. उत्तर आलं, तिनं लॅपटॉप वर धरला. मी लगेच लिहिलं नाही. कपाळाला हात लावला, "हं, असं केलं तर?" म्हणालो, मुद्दाम एक चूक केली आणि मग दुरुस्त केली. नाटक बरं जमलं. चाळिसाव्या मिनिटाला तिचे हात थरथरायला लागले, अक्षरं हलायला लागली. मी डोळ्यांनी खुणावलं, नीट धर. आई दारात येऊन उभी राहिली, दोघांकडे बघितलं आणि चहा तसाच परत घेऊन गेली.

मुलगा म्हणाला, विचार करायची तुमची पद्धत फार स्वच्छ आहे.

कॉल बंद केल्यावर वै.नं दंड चोळले आणि भाकरी टाकायला गेली. दुखतंय का, मी विचारलं नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
मेल आला. पास. पुढचा राउंड ६ मार्चला, पुण्यात, ऑफिसात समोरासमोर. खाली एक ओळ: पहिल्या राउंडमधला तुमचाच कोड पुढे वाढवायचा आहे.

तीनदा वाचलं. वै.ला मेल दाखवला, ती ओळ मात्र वाचून दाखवली नाही. तिची तिनं वाचली.

१५ फेब्रुवारी, रविवार
शिवरात्र. भीमाशंकरला जाणाऱ्या गाड्या आमच्या दारापासून पार घोडेगावपर्यंत खोळंबलेल्या. हॉर्नचा नुसता कहर. माडीवर बसून माझ्या नावावरचा कोड वाचत होतो. एकसष्ट ओळी. तीस ओळी कळतात. एकतिसाव्या ओळीत जे केलंय ते का केलंय, कळत नाही. काढून टाकली तर उत्तर चुकतं, एवढं कळतं.

वै. साबुदाणा घेऊन वर आली. वाकून बघितलं, बोट ठेवलं त्याच ओळीवर. "हे असं का?"

म्हणालो, बघतोय.

१९ फेब्रुवारी, गुरुवार
मामा शिवनेरीहून येता येता घरी आला. आईनं त्याला सगळं रंगवून सांगितलं. "पुन्यात बोलावलंय म्हंजी झालंच की. पयल्या परीक्षेत तर पयला आला त्यो." पहिला कुठून आला, आईलाच ठाऊक. मामा म्हणाला, "आता राव, पेढं कधी?" मी हसलो. हसताना जबडा दुखला, खरंच.

वै. उठून आत गेली. उद्यापासून तिची दहावीची ड्युटी.

२० फेब्रुवारी, शुक्रवार
बोर्डाचा पहिला पेपर. कॉपी करणार नाही अशी शपथ पोरांना द्यायची असते. ह्या केंद्रावर ती वै.नं दिली, कारण तिचा आवाज खणखणीत. हे मला शाळेतल्या शिपायानं रस्त्यात सांगितलं. तिनं नाही.

२३ फेब्रुवारी, सोमवार
एकतिसावी ओळ कळली! आठ दिवस लागले. वहीवर हातानं एकेक आकडा मांडत गेलो आणि एकदम लक्षात आलं. काय सुंदर आहे ते. उठून अंगणात दोन फेऱ्या मारल्या. मग त्याच जातीचा दुसरा प्रश्न घेतला, घड्याळ लावून, कुणाला न विचारता. छत्तीस मिनिटं. सुटला. हात गार पडले नाहीत.

मग आता तो कोड माझाच की. कळलेलं ते आपलं. दिवसभर स्वतःला हेच सांगत होतो. वै.ला सांगितलं नाही, ती काय म्हणेल ह्याची भीती वाटली.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार
वै.नं आज इंग्रजीच्या पेपराला एक मुलगी पकडली. कंपासपेटीत चिठ्ठी. आहुप्याची आहे, वरच्या डोंगरातली, वसतिगृहात राहते. पेपर काढून घेतला, जबाब लिहून घेतला, सगळं पाकिटात घालून बोर्डाकडे. नियमाप्रमाणे. अकरा वर्षांत वै.नं कितीतरी पकडली असतील, कधी जेवण सोडलं नव्हतं, आज सोडलं.

"रडली का ती?" मी विचारलं.

"नाही. माझ्याकडे बघत होती नुसती." मग म्हणाली, "सही करताना माझा हात दुखत होता. त्या दिवशीचाच."

मी पाणी प्यायला उठलो. दुसरं काय करणार.

१ मार्च, रविवार
सकाळी दारात एक माणूस. डोक्याला फडकं, हातात पिशवी. आहुप्याच्या एसटीनं उतरलेला. त्या मुलीचा बाप.

मला वाटलं भांडायला आला. तो दाराबाहेरच बसला. वै. बाहेर आली तसा उठून उभा राहिला. "बाई, चूक पोरीचीच व्हती. ती सोता सांगती, बाईंचं काय चुकलं न्हाई. मी सोडवायला आलो न्हाई. फकस्त इचारायचं व्हतं, पुन्यांदा बसता येतं का? का समदंच संपलं?"

वै.नं सांगितलं, बोर्ड काय ठरवतंय त्यावर आहे, पण बहुतेक परत बसता येईल. सांगताना ती खांबाकडे बघत होती. तो म्हणाला, "घरात शिकल्यालं कोनी न्हाई. तिला इंग्रजीचं भ्या वाटतं. भ्यायली अन् केलं."

मग माझ्याकडे वळला. हात जोडले. "तुमी इंजिनेर हाय म्हनं. तुमी अभ्यासाची मानसं. तुमी सांगा, कसं करावं पोरीनं?"

भ्यायली अन् केलं. मीही दुसरं काय केलं होतं? माझ्या तोंडून निघालं, "येतंय तेवढं लिहायचं." वै.नं माझ्याकडे बघितलं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, नोकरी गेली तेव्हाही नाही.

पिशवीत तांदूळ होते. वै. नको म्हणाली. "बाई, ह्यो काय लाच न्हाई. कुनाच्या घरी मोकळ्या हातानं कसं यायचं?" आईनं मध्ये पडून पिशवी घेतली आणि त्याला दोन भाकरी बांधून दिल्या. पोरगी वसतिगृह सोडून घरी आलीय, एवढं सांगून दुपारच्या गाडीनं गेला.

३ मार्च, मंगळवार
अभ्यास चालू आहे. सगळं येतं. कोड कुठल्याही बाजूनं विचारा, सांगतो. कधी नव्हे एवढी तयारी झालीय, आणि अजिबात जावंसं वाटत नाही.

वै. म्हणाली, "शर्ट इस्त्री करून ठेवलाय."

६ मार्च, शुक्रवार
परतीच्या एसटीत लिहितोय, मंचरच्या पुढे. अक्षर हलतंय.

दोघं होते. एक बाई, मोठ्या पदावरच्या, आणि तो पहिल्या राउंडचा मुलगा. माझा कोड भिंतीवर मोठा करून लावला. समजावून सांगा म्हणाले. सांगितला. एकतिसाव्या ओळीपाशी बाई थांबल्या, इथे असं का? वहीवर केलं होतं तसं फळ्यावर मांडून दाखवलं. मुलगा खूश. मग त्यांनी नवीन अट घातली, आता वाढवा. वाढवला. माझा मी, घामाघूम होऊन, पण माझा मी. मग बुकिंगच्या यंत्रणेबद्दल विचारलं, कधी नव्हे ते, आणि अर्धा तास मी बोलत होतो. इतकं छान बोलणं कित्येक महिन्यांत झालं नव्हतं. मिळालीच होती नोकरी. दोघांच्या तोंडावर दिसत होतं.

शेवटी बाई म्हणाल्या, तुम्हाला काही विचारायचंय?

म्हणालो, विचारायचं नाही, सांगायचंय. पहिल्या राउंडचं उत्तर माझं नव्हतं. दुसरा लॅपटॉप होता.

मुलाचा चेहरा पडला. त्यानंच मला पास केलं होतं. त्याचा विचार मी केलाच नव्हता. बाईंनी पेन खाली ठेवलं. "हे तुम्ही आत्ता का सांगताय?" मी म्हणालो, आधी सांगायची हिंमत नव्हती. मिळतेय असं दिसल्यावर घेववेना. नीट सांगता आलं नाही. त्या म्हणाल्या, कळवू.

जिना उतरताना पाय हलके होते. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. आत्ताही वाटतंय.

७ मार्च, शनिवार
काल घरी पोचल्यावर वै.ला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं तिला बरं वाटेल. खरं तर ती पाठीवर हात ठेवेल अशी आशा होती.

तिनं विचारलं, "दुसरा लॅपटॉप कुणी धरला होता, हे विचारलं त्यांनी?"

"नाही."

"तुम्ही सांगितलंत?"

"नाही. तुझं नाव कशाला मध्ये?"

मग म्हणाली, "म्हणजे तुम्ही मोकळे झालात. मी कुणाला सांगू? सोमवारी परत वर्गावर उभं राहायचंय मला."

मी म्हणालो, तुझी काय चूक, मी सांगितलं म्हणून तू केलंस. त्यावर ती जे म्हणाली ते जसंच्या तसं लिहितो: "त्या पोरीलाही कुणीतरी चिठ्ठी लिहून दिलीच असेल. मी तिला विचारलं नाही, कुणी दिली. सही तिचीच घेतली."

आज दिवसभर बोलणं नाही. आईला काहीतरी कळलंय. दोघांच्या ताटात सारखं सारखं वाढते.

१० मार्च, मंगळवार
मेल नाही. मामाचा फोन, पेढ्यांचं काय झालं. आईनं सांगितलं, "अजून निकाल न्हाई लागला." मग मला हळूच म्हणाली, "न्हाई मिळाली तर न्हाई. पर तुमी दोगं बोला की रं एकमेकांशी."

१३ मार्च, शुक्रवार
मेल आला. नाही म्हटलेलं नाही, हो पण नाही. त्या बाईंनी स्वतः लिहिलंय. तुम्ही सांगितलंत त्याची आम्ही दखल घेतली आहे. निर्णयाआधी सगळं लेखी हवं: मदत कशी घेतली, कुणाची घेतली, हे स्पष्ट लिहून मंगळवारपर्यंत पाठवा.

कुणाची घेतली.

बसून चार ओळी लिहिल्या. 'एका व्यक्तीच्या मदतीनं.' खोडलं. 'घरातल्या व्यक्तीच्या.' घरात माझ्याशिवाय दोनच व्यक्ती, त्यातल्या एकीला लॅपटॉप उघडता येत नाही. खोडलं. काहीच न पाठवता गप्प बसावं असंही एकदा मनात आलं. एकटा मुंबईकडे कुठंतरी बघेन काम. पण मग ती पुन्हा इथं, मी तिकडे, आणि हे मध्ये तसंच.

वै. शाळेतून आल्यावर मेल तिच्यासमोर ठेवला. ह्या वेळी सगळ्या ओळी मोठ्यानं वाचल्या.

१४ मार्च, शनिवार
चहा पिताना तिनंच विषय काढला. आवाज शांत.

"लिहा. माझं नाव लिहा. काय करते तेही लिहा."

मी म्हणालो, कंपनीतून शाळेपर्यंत गेलं तर? ती म्हणाली, "जाईल की नाही माहीत नाही. पण उद्यापर्यंत पाठवू नका. आधी मला आहुप्याला जाऊन येऊ द्या. त्या पोरीला ते दुसऱ्या कुणाकडून कळायला नको. माझ्या तोंडून कळू दे."

"काय सांगणार तिला?"

"तेच ठरवतेय," म्हणाली.

दहावीच्या इंग्रजीचं पुस्तक पिशवीत भरलंय. एसटी सकाळी साडेसातची. मी येऊ का, असं मी विचारलं नाही आणि तीही चला म्हणाली नाही. तिनं माझाही शर्ट इस्त्री करून खुंटीला लावलाय; उद्या मीही यावं म्हणून, की सवयीनं, ते विचारायचं धाडस होत नाही.